समन्स देव्हाऱ्यामागें ठेवून दावा टळत नाहीं

गेल्या बाजारच्या दिवशीं आमच्या कचेरींत एक शेतकरी गृहस्थ आले. वय पन्नाशीचें, अंगांत धुतलेला सदरा, हातांत प्लॅस्टिकची पिशवी आणि तींत घडी घातलेले कागद. बसा म्हटलें तरी बराच वेळ उभेच होते. शेवटीं त्यांनीं पिशवी आमच्यापुढें केली. तींत तळाशीं दिवाणी कोर्टाचें समन्स होतें, त्यावर हुकूमनाम्याची नक्कल होती आणि सर्वांत वर दरखास्तीची नोटीस होती. समन्स येऊन दहा महिने होऊन गेले होते. तें त्यांनीं सही करून घेतलें आणि देव्हाऱ्यामागें ठेवून दिलें. घरांत बायकोस सांगितलें नाहीं कीं भावास सांगितलें नाहीं. तारखेच्या दिवशीं ते शेतांत गेले. पुढच्या तारखेसही शेतांतच गेले. मग एके दिवशीं बेलीफ दारीं आला तेव्हां साऱ्या गांवास कळलें.

आम्हीं विचारलें, “तारखेस गेलां कां नाहीं?”

ते म्हणाले, “साहेब, पैसे घेतलेच होते. मग कोर्टांत काय तोंड घेऊन उभा राहूं?”

आमच्या समाजाची दीडशें वर्षांची हानि या एका वाक्यांत सांठलेली आहे, म्हणून आज या विषयावर लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम या गृहस्थांचा हिशेब पाहूं. विहिरीला पाणी नव्हतें म्हणून बोअर मारण्याकरितां त्यांनीं तालुक्याच्या गांवांतील एका खासगी देणेकऱ्याकडून ८०,००० रुपये घेतले. हे पैसे बँकेच्या खात्यांत आले. पासबुकांत नोंद आहे. घेतेवेळीं एका कोऱ्या वचनचिठ्ठीवर सही केली व दोन कोरे चेक दिले. दोन वर्षांत मोबाईलवरून थोडे थोडे करीत ५४,००० रुपये परत केले, त्याचाही दाखला बँकेंत आहे. मध्यंतरीं कपाशी गेली आणि हप्ते थांबले. दावा आला तो २,१०,००० रुपयांचा. वचनचिठ्ठींतील मोकळ्या जागेंत तोच आंकडा भरलेला. देणेकऱ्यापाशीं सावकारीचा परवाना आहे कीं काय हें त्यांस ठाऊक नाहीं, व तें विचारावें असें कोणास सुचलेंही नाहीं.

आतां कोर्टापुढें काय होतें? एक वचनचिठ्ठी, तिजवर प्रतिवादीची खरी सही, आणि वादीचें शपथपत्र. उलट बाजूस रिकामी जागा. न्यायाधीशानें पासबूक पाहावें तें कसें? तें तर घरीं ट्रंकेंत होतें. कोर्टानें मागितली तेवढी रक्कम, व्याज व खर्च मिळून हुकूमनामा दिला. या निकालांत कोर्टानें अन्याय केला असें म्हणण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं. अन्याय झाला हें मात्र खरें.

ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. १८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, आणि ती आग पुणें व तेव्हांचा अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरली. लोकांस पाहिजे होते ते कागद. खतें, रोखे व हुकूमनामे जेथें हातीं आले तेथें बहुधा ते जाळून मंडळी परत फिरली; सावकारांच्या जिवास हात लागल्याचे प्रकार फार थोडे घडले. त्याच्या आधींच १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं एका देशमुखाचें घर सावकारानें हुकूमनाम्याच्या पायीं घेऊन पाडलें होतें आणि गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला होता. घर पडलें तें कागदानें, म्हणून लोकांनीं कागदावर राग काढला. त्यांचें दुःख आम्हांस समजतें. पण कागद जाळून कर्ज जळत नाहीं, हेंही त्यांस पुढें कळून आलें.

त्या वेळची खरी मेख निराळीच होती. १८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतु असा कीं, जुनीपुराणीं खतें उकरून कुळास कोणीं नागवूं नये. झालें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकारानें कुळास बोलवावें, जुनें खत बाजूस सारावें, सांचलेलें व्याज मुद्दलांत मिळवावें आणि नव्या खतावर अंगठा घ्यावा. दहा रुपयांचे शंभर अशा रीतीनें होत, आणि प्रत्येक खत कायद्याच्या दृष्टीनें निर्मळ! दंग्यानंतर सरकारनें जें चौकशी मंडळ नेमलें त्यास आढळून आलें कीं, सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फीच निकालांत निघत. कुळ कोर्टांत येतच नसे. कांहींना समन्स पोंचतच नसे, कांहींना पोंचून वाचतां येत नसे, आणि पुष्कळांना आमच्या या गृहस्थांसारखी लाज वाटत असे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ च्या सप्टेंबरांत सत्यशोधक समाज स्थापन केला व दहा वर्षांनीं, १८८३ सालीं, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याची कोर्टकचेऱ्यांतून जी नागवण होते ती त्यांनीं त्यांत उघडी करून दाखविली आणि तिचें मूळ अविद्येंत आहे हेंही सांगितलें. आज आमच्यांत पदवीधर आहेत, वकील आहेत, न्यायाधीशही आहेत. अक्षराची विद्या आली. पण कोर्टाचा कागद हातीं पडल्यावर जी विद्या लागते ती अजून घरोघर पोंचलेली नाहीं. एम. ए. झालेला मुलगा घरांत असून बापाचें समन्स देव्हाऱ्यामागें पडून राहतें, याला काय म्हणावें?

एक गोष्ट मात्र त्या काळच्या सरकारनें बरी केली होती. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें मुन्सफास सांगितलें कीं, नुसत्या खतावर विश्वासूं नका. खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासा, प्रत्यक्ष हातीं किती दिलें व किती फिटलें तें पाहा, आणि प्रतिवादीची जबानी घ्या. जबानी नको वाटली तर तसें कारण लिहून ठेवा. म्हणजे कुळ बोललें नाहीं तरी त्यास बोलतें करण्याचें काम कोर्टावर होतें. पुढें १९३९ व १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत निराळे कर्जनिवारण कायदे झाले. त्या सर्वांचा काळ आतां संपला. आज दिवाणी कोर्ट कोणाच्या बांधावर येऊन विचारीत नाहीं कीं, बाबा, तुला खरे किती मिळाले? तें सांगण्याचें काम प्रतिवादीचें. तो आला नाहीं तर कागद बोलतो, आणि कागद ज्यानें भरला त्याच्यासारखाच बोलतो.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, समन्स टाळल्यानें टळत नाहीं. घेण्याचें नाकारलें तर बेलीफ तें दारावर चिकटवितो आणि कोर्ट तें लागू झालें असें मानतें. घेतल्यावर वेळ धांवूं लागते. साध्या दाव्यांत ३० दिवसांच्या आंत लेखी कैफियत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर कोर्ट वेळ वाढवितें, पण कायद्यानें ती ९० दिवसांपर्यंतचीच धरलेली आहे. वचनचिठ्ठीवरील कांहीं दावे ऑर्डर ३७ खालीं येतात. ते फार तांतडीचे. तेथें १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, नाहीं तर कोर्टास वादीचें म्हणणें खरें धरून लगेच निकाल देतां येतो. तेव्हां समन्स हातीं पडलें म्हणजे प्रथम त्यावर ऑर्डर ३७ असें लिहिलें आहे काय तें पाहावें, आणि ज्या दिवशीं मिळालें ती तारीख त्याच्या पाठीवर लिहून ठेवावी.

एकतर्फी हुकूमनामा झालाच तर तो रद्द करून घेण्यास ३० दिवसांची मुदत आहे. समन्स रीतसर लागूच झालें नसेल तर ती मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. उशीर माफ करवून घेतां येतो, पण त्यास सबळ कारण लागतें. आजारपण कारण होऊं शकतें, पूर कारण होऊं शकतो. देव्हारा हें कारण होत नाहीं.

आतां, कैफियतींत सांगावयाचें तरी काय? खरें असेल तें. आमचे गृहस्थ गेले असते तर त्यांस सांगण्यासारखें पुष्कळ होतें. हातीं ८०,००० आले हें पासबुकानें दिसलें असतें. ५४,००० परत गेले हें मोबाईलच्या नोंदींनीं दिसलें असतें. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणें सावकारीचा धंदा करणाऱ्यापाशीं कर्ज देतेवेळीं परवाना नसेल तर कोर्टास त्याच्या बाजूनें हुकूमनामा देतां येत नाहीं, आणि परवाना असला तरी मुद्दलाहून अधिक व्याज त्यास वसूल करतां येत नाहीं. आपले वाडवडील ज्याला दामदुपटीचा नियम म्हणत तोच हा. सावकारीपायीं पंधरा वर्षांच्या आंत जमीन गेली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून ती परत मागण्याचीही सोय त्या कायद्यांत आहे. एवढीं सर्व हत्यारें घरांत असून तीं बाहेर काढलींच नाहींत!

मुदतीचेंही तसेंच. साध्या कर्जास आजही तीन वर्षांचीच मुदत आहे. गहाणाची गोष्ट वेगळी, तेथें बारा. मुदत गेली आहे कीं काय हें कोर्टानें आपण होऊन पाहावें असें १९६३ चा कायदा सांगतो. पण कोऱ्या कागदावर मागाहून तारीख घातली असेल तर ती खोटी आहे हें कोर्टास स्वप्नांत थोडेंच दिसणार आहे? आणि वसुलीवाला “नुसती सही करा, हिशेब जुळविण्यापुरती” असें म्हणाला म्हणजे सावध राहावें. मुदत संपण्यापूर्वीं देणें कबूल असल्याची सही झाली, किंवा थोडी रक्कम देऊन तसें लिहून दिलें, कीं तीन वर्षें पुन्हां पहिल्यापासून सुरू होतात. १८५९ नंतर अंगठा घेत तो याचसाठीं. आतां सही घेतात इतकाच फरक.

कोणी म्हणेल, तुम्ही लोकांस कर्ज बुडविण्यास शिकवितां. हा आरोप आम्हांस मान्य नाहीं. घेतलेलें फेडलें पाहिजे. पण घेतलेलें किती, हा प्रश्न विचारणें म्हणजे बुडविणें नव्हे. ज्याचें देणें सर्वस्वीं खरें आहे त्यानें तर कोर्टांत अधिकच अगत्यानें जावें. उभें राहून सांगावें कीं, देणें कबूल आहे, पीक गेलें आहे, हप्ते बांधून द्यावेत. पैशाच्या हुकूमनाम्यांत हप्तेबंदी करून देण्याचा अधिकार कोर्टास आहे. हुकूमनामा झाल्यावर मात्र वादीच्या संमतीवांचून हप्ते मिळत नाहींत. प्रामाणिक माणसानें घरीं बसावें आणि लबाडानें वकील लावावा, या रिवाजानें प्रामाणिकपणाची शोभा होत नाहीं.

चेकाची गोष्ट अगदीं निराळी आहे, तेथें हयगय मुळींच चालत नाहीं. कोरा चेक सही करून देणें म्हणजे आपल्या गळ्याचा दोर दुसऱ्याच्या हातीं देणें होय. चेक परत गेल्यावर नोटीस येते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाहीं तर फौजदारी फिर्याद होते. तींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात. तारखेस न जाणाऱ्यावर वॉरंट निघतें. नोटिशीस उत्तर द्यावें, त्यांत चेक कोरा घेतला होता हें लिहावें, आणि प्रत्येक तारखेस हजर राहावें.

दिवाणी कर्जापायीं तुरुंगांत टाकतील ही भीति मात्र पुष्कळांनीं विनाकारण बाळगली आहे. ज्याच्यापाशीं देण्यास खरोखरच नाहीं त्यास नुसत्या गरिबीसाठीं अटकेंत घालतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८० सालचा निर्णय आहे. पैसा असून लबाडीनें दडवील त्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्याखालीं स्त्रियांस तर अटक करतांच येत नाहीं. जप्तीसही मर्यादा आहेत. शेतकऱ्याचीं अवजारें, शेतीला लागणारीं गुरें व बियाणें, कारागिराचीं हत्यारें, मजुराची मजुरी, शेतकऱ्याचें व मजुराचें राहतें घर यांस दिवाणी संहितेच्या ६० व्या कलमानें संरक्षण दिलें आहे. (तेंच घर गहाण टाकलें असेल तर गहाणदारापुढें हें संरक्षण चालत नाहीं.) ज्यांस हें ठाऊक नसतें ते बेलीफ येण्यापूर्वींच बैल विकून मोकळे होतात.

बायकांच्या बचत गटांस कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे वसुलीवाले दारांत ठाण मांडून बसतात, मोबाईलवर कोर्टाची मुद्रा छापलेली खोटी नोटीस पाठवितात, पोलीस येतील म्हणून सांगतात. सकाळीं नऊच्या आधीं व सायंकाळीं सहानंतर वसुलीचे फोन करूं नयेत असा रिझर्व बँकेचा नियम आहे, तो बेधडक मोडला जातो. या रोजच्या खोट्या धाकानें असें झालें आहे कीं, खरें समन्स आलें तरी लोक तेंही त्याच ढिगांत टाकतात. यावर उपाय सोपा आहे. कागदावर दाव्याचा नंबर व कोर्टाचें नांव असतें. तो नंबर घेऊन तालुक्याच्या कोर्टांत जावें आणि असा दावा आहे काय हें विचारावें. वकिलाची नोटीस व कोर्टाचें समन्स एक नव्हे. पण दोन्हीं जपून ठेवावीं.

आतां थोडें स्वतःच्या घरांत पाहूं. आमच्या चळवळीच्या पत्रांनीं भटशाही व शेटशाही यांवर पुष्कळ शाई खर्च केली, व ती योग्यच होती. पण आज पतसंस्थेचा चेअरमन कोण आहे? वसुलीची जीप कोणाची आहे? आमच्या या गृहस्थांच्या वचनचिठ्ठींत आंकडा भरणारा हात त्यांच्याच जातीचा व नात्यांतल्या नात्यांतला आहे. व्यासपीठावर फुल्यांच्या तसबिरीस हार घालावा आणि खालीं उतरून कोऱ्या कागदावर सह्या घ्याव्यात, ही कसली सत्यशोधकी? सहकारी संस्थांची वसुली तर दिवाणी कोर्टांतही येत नाहीं. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखालीं निबंधकाच्या दाखल्यावर ती चालते. तेथेंही नोटीस येते, तेथेंही म्हणणें मांडतां येतें, आणि तेथेंही आमचे लोक जात नाहींत. संस्थेचे संचालक आपलेच, म्हणून बोलावयाची भीड! खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरलेली असतां खासगी कंपन्यांचे कर्जाचे करार इंग्रजींत छापून त्यांवर खेड्यांतील बाईची सही घेतात, आणि आमचे आमदार-खासदार त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहींत.

आमच्या वकील मंडळींसही दोन शब्द. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. कोणत्याही स्त्रीस, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस, अपंगांस, कारखान्यांतील कामगारांस, दुष्काळ-महापुरानें गांजलेल्यांस, आणि ठरीव मर्यादेच्या आंत उत्पन्न असणाऱ्या कोणासही. ही समिति कोर्टाच्या आवारांतच असते. तिची वाट पक्षकारास दाखविल्यानें तुमची वकिली बुडणार नाहीं. लोकअदालतीचीही सोय आहे, पण तेथें झालेली तडजोड कायमची असते, तिजवर अपील नाहीं. म्हणून न पेलणारा हप्ता घाईगर्दींत कबूल करूं नये.

आम्हीं त्या गृहस्थांस बरोबर माणूस देऊन तालुका समितीकडे पाठविलें. हुकूमनामा रद्द व्हावा व उशीर माफ व्हावा असे दोन अर्ज पडले आहेत, दरखास्तींतही हजेरी लागली आहे. निकाल काय होईल तें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. उशीर फार झालेला आहे. ज्या कोणा वाचकाकडे असा कागद आला असेल त्यानें तो बाजारच्या दिवशीं दोन प्रहरीं आमच्या कचेरींत आणावा. वाचून, तारीख समजावून देऊं, त्यास कांहीं पडत नाहीं. पुढच्या तारखेस ते गृहस्थ कोर्टांत जाणार आहेत. बायकोही बरोबर येणार आहे. मोबाईलवरून कोणत्या दिवशीं किती पैसे गेले तें तिनेंच वहींत मांडून ठेवलें होतें, आणि ती वही कोणीं मागितलीच नव्हती.